राहण्याजोगं घर

वर्षातून एक महिना असा यायचा की त्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या परदेशी साहेबांना एकदम गरिबी यायची. एरवी ज्यांच्या स्वयंपाकिणी मंडईतून पिशव्या भरभरून भाजी आणायच्या, ज्यांच्या मॅडम दोन लिंबांसाठी भाजीवालीशी घासाघीस करायच्या, त्यांना त्या महिन्यात मंडई कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा आठवेनासं व्हायचं. सगळी वरात काचेच्या दारांच्या महागड्या दुकानात. विमानातून आलेली स्ट्रॉबेरी, विमानातून आलेलं चीज, इतकंच काय, पाणीसुद्धा विमानातून आलेलं. पावत्या मात्र नीट घडी घालून जपायच्या. कारण तो पाहणीचा महिना असायचा, आणि ऑफिसचे ड्रायव्हर त्याला आपापसांत 'रडण्याचा महिना' म्हणायचे.

पाहणी कसली, तर महागाईची. संस्था मोठी, देशोदेशी कचेऱ्या. बाहेरून बदलून आलेल्या माणसाला इथे राहायला त्याच्या देशापेक्षा किती जास्त खर्च येतो तो मोजायचा आणि तेवढा भत्ता त्याच्या पगारात घालायचा. आता यात वावगं काही नाही. परक्या मुलखात येतो माणूस, त्याला तोशीस पडू नये. मुख्यालयाने त्यासाठी एक यादी केली होती आणि तिला लाडाने 'टोपली' असं नाव दिलं होतं. टोपलीत पाव होता, कॉफी होती, केस कापणं होतं, नाटकाचं तिकीट होतं, कुत्र्याचं खाणं होतं, आणि सगळ्यात जड असं घरभाडं होतं. बसचं तिकीटही होतं म्हणा, पण हिशेबात त्याचं वजन कुत्र्याच्या खाण्याच्या निम्मं. ही टोपली घेऊन दुकानोदुकानी हिंडायचं, भाव टिपायचे, साहेबांच्या घरी जाऊन भाडी विचारायची, हे काम जिच्याकडे होतं तिला सगळे टोपलीताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

टोपलीताईला एक खोड होती. ती खरा भाव लिहायची. अंडी स्वस्त झाली तर स्वस्त, महाग झाली तर महाग. मोठे साहेब, म्हणजे ऑफिसचे प्रमुख, पाहणीच्या आधी तिला केबिनमध्ये बोलावून कॉफी पाजायचे. कॉफी वर्षातून एकदाच मिळायची, त्यामुळे ती कशासाठी हे तिला न सांगता कळायचं.

"ताई, या वर्षी महागाई जरा जाणवतेय, नाही?"

"बघते ना साहेब. दुकानात जाऊन बघते."

"तेच म्हणतो मी. पण बघताना नजर जरा उदार ठेवा."

"भाव नजरेत नसतो साहेब, पाटीवर असतो."

साहेब हसायचे आणि घड्याळाकडे बघायचे. मग ती उरलेली कॉफी एका घोटात संपवून उठायची.

आता कुणी म्हणेल, टोपलीताईच्या स्वतःच्या पगाराचं काय? तर तिच्यासारख्या स्थानिक लोकांसाठी पाहणी वेगळी आणि टोपलीही वेगळी. त्या टोपलीत घरभाडं नव्हतंच. मुख्यालयातल्या कुण्या विद्वानाने ठरवून टाकलं होतं, की स्थानिक माणूस इथलाच, तो काय आभाळातून पडलाय? म्हणजे त्याला बापजाद्यांचं घर असणारच. या जावईशोधावर टोपलीताईने एकदा लेखी कळवलं होतं, की मी भाड्याने राहते. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' कुठे घेतली ते काही आजवर कळलं नाही.

ती राहायची कालव्यापलीकडच्या एका गल्लीत. घर बैठं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा. भाडं जुनं, त्यामुळे झेपण्यासारखं. घरमालक शेजारच्याच घरात. घरात ती, तिचा नवरा आणि सासरे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला, आणि सासऱ्यांची दृष्टी गेलेली. "लेक गावाला चष्मे लावतो आणि बापाला दिसत नाही!" असं सासरे स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. डोळे मंद व्हायला लागले तसे त्यांनी एक दिवस गोल डोक्याचे पितळी खिळे आणले आणि दारांच्या चौकटींत छातीच्या उंचीवर ठोकले. स्वयंपाकघराला एक, न्हाणीघराला दोन, व्हरांड्याच्या दाराला तीन. नजर पुरती गेली तोवर हाताला घर पाठ झालं होतं. सकाळी आपला चहा आपण करायचे, व्हरांड्यात येऊन बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखून हाका मारायचे. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना या घरातून हलवू नका. इथे ते डोळस आहेत." हे घर टिकलं तर बाबा टिकले, एवढं टोपलीताईला पक्कं ठाऊक होतं, आणि दुसरा घोर तिच्या जिवाला नव्हता.

त्या वर्षी पाहणीच्या आधी साहेब लोकांची सभा झाली. कुटुंबांनीही यावं, आपल्या अडचणी मांडाव्यात, असं आमंत्रण होतं. मोठ्या साहेबांच्या मॅडम उभ्या राहिल्या.

"खरं सांगू का, या शहरात माणसाने राहण्याजोगं घरच मिळत नाही. जी काही आहेत ती आपल्या टेकडीवर, आणि तिथली भाडी तर विचारूच नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टोपलीताई मागच्या खुर्चीवर टिपणं घेत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खं शहर राहतंय इथे, ती काय माणसं नव्हेत होय? नोकरी होती. पण मनात म्हणाली, थांबा, दाखवते तुम्हाला राहण्याजोगं घर.

आणि संधी आपण होऊन चालून आली. मुख्यालयाने त्याच वर्षी नवा नियम काढला. नेहमीच्या वस्तीबरोबर एक नवी वस्तीही पाहणीत घ्यावी, परदेशी कर्मचारी राहू शकतील अशी, आणि तिथल्या एका घराचं वर्णन पाहणी करणाऱ्या तपासनिसाने स्वतः लिहावं. टोपलीताईने पाहणीत आपली गल्ली घातली. आणि वर्णन कुणाच्या घराचं? स्वतःच्या! भाडंही देत होती तेच, खरंखुरं.

संध्याकाळी तिने ते घरात वाचून दाखवलं. "घर बैठं, हवेशीर. पाणी दिवसभर. गल्लीत वाहनांची वर्दळ नाही. शेजार चांगला."

"वारा लिहिलास का?" सासरे म्हणाले. "दुपारनंतर कालव्यावरून वारा येतो, पंखा लागत नाही. ते लिही."

"लिहिते."

"आणि चौकटी. भरीव लाकडाच्या आहेत म्हणावं, मी स्वतः रंधा मारलाय. असलं काम हल्ली बघायला मिळत नाही. मला तर नाहीच नाही."

नवरा शर्टाची बाही दुमडत म्हणाला, "अगं, तू भाडं कळवतेयस की स्थळ सुचवतेयस?"

"आहे तेच लिहिलंय," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर हसली.

हिशेब झाला. गल्लीची भाडी इतकी कमी, की एकूण सरासरी खाली आली. सरासरी खाली म्हणजे भत्ता खाली. ऑफिसात सुतकी कळा पसरली. ज्यांनी महिनाभर स्ट्रॉबेऱ्या खाऊन पोट बिघडवून घेतलं होतं त्यांचे तर चेहरे बघवत नव्हते. शेवटी मुख्यालयातून एक तज्ज्ञ आले, टेकडीवरच्या हॉटेलात उतरले, आणि त्यांनी तोडगा काढला. भत्ता आहे तेवढाच ठेवायचा, कारण कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य. पण पाहणी वाया गेली असंही दिसू नये, म्हणून नव्या वस्तीचं वर्णन सगळ्या साहेबांना पाठवायचं. बघा, अशीही घरं आहेत, ज्याला हवं त्याने खुशाल जावं, आणि पैसे उरले तर ते ज्याचे त्याचे.

शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदोनदा वाचलं. भत्ता टेकडीच्या भावाने आणि घर गल्लीच्या भावाने!

पहिले आले ते नव्याने रुजू झालेले एक साहेब. ताडमाड उंच, ड्रायव्हर लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं लंबूसाहेब असं नाव ठेवलं होतं. भर दुपारी त्यांची गाडी गल्लीत शिरली. टोपलीताई कामावर, नवरा दुकानात. व्हरांड्यात सासरे एकटेच.

"कोण? पाऊल ओळखीचं नाही."

"घर बघायला आलोय. वर्णन वाचलं."

सासऱ्यांना कोण आनंद! त्यांना वाटलं, सुनेच्या ऑफिसातून मुद्दाम माणूस आला, ती खरं लिहिते की नाही ते पडताळायला. त्यांनी लंबूसाहेबांचा हात धरून सगळं घर दाखवलं, पाण्याचा नळ सोडून दाखवला, चौकटींवरून त्यांची बोटं फिरवली. मग व्हरांड्यात उभं करून वाराही दाखवला.

पुढच्या आठवड्यात घरमालक आले. एरवी ते टोपलीताईला सूनबाई म्हणायचे. त्या दिवशी 'ताई' म्हणाले, तेव्हाच तिने काय ते ओळखलं.

"ताई, माझा नाइलाज आहे. ते लोक तिप्पट देतायत, तेही वर्षाचं आगाऊ."

"काका, बाबांचं तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणून तर झोप उडालीय माझी. तुम्ही तिप्पट द्या, आत्ता त्यांना नाही म्हणून कळवतो." मालक जायला निघाले आणि पायरीवर थबकले. "पण एक विचारू? आपल्या गल्लीचा पत्ता त्यांना दिला तरी कुणी? तो लंबू हातात कागद घेऊन आला होता. वाऱ्यासकट सगळं लिहिलेलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी ती मूग गिळून बसायचं सोडून सरळ मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, लंबू... नव्या साहेबांनी घेतलंय ते घर माझं आहे. मी राहते तिथे."

मोठे साहेब मनापासून चकित झाले. "तुम्ही भाड्याने राहता? पण तुम्ही तर इथल्याच!"

"त्यांना दुसरं घर बघायला सांगाल का? माझ्या सासऱ्यांना दिसत नाही. दुसरीकडे त्यांचे हाल होतील."

"अहो, तुमच्याच शिफारशीवर घेतलं त्यांनी. मी नेहमी म्हणतो ना, स्थानिक माणसांचं ऐकलं पाहिजे? ऐकलं की आम्ही!"

"मग मला भाड्यासाठी काही मिळेल का?"

"काय करू ताई, तुमच्या टोपलीत भाडंच नाही," साहेब हळहळून म्हणाले. आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, कारण त्यांनी ते दोनदा म्हटलं. कॉफी काही विचारली नाही. तो महिना नव्हता.

नवी जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाच्या दोन खोल्या आणि बोळाएवढं स्वयंपाकघर. शेजारी छापखाना, दिवसभर धडधड. पावलं ऐकू यायची सोय नाही आणि ऐकून हाक मारणार कुणाला? मालक खालीच राहायचा. त्याने करारात घालून ठेवलं होतं, भिंतीत किंवा दारात एकही खिळा ठोकायचा नाही. सासरे पहिल्याच दिवशी न्हाणीघर समजून स्वयंपाकघरात शिरले आणि कपाळ फोडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तापल्या भांड्यावर हात पडला. मग त्यांनी हिंडणंच सोडलं. खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्यात बसून राहायचे. प्यायला पाणी हवं असलं तरी हाक मारायचे, आणि हाक मारताना ओशाळायचे. चष्म्यावरचा विनोदही बंद झाला. सुनेला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. रोज त्यांच्या हातात पेला देताना तिला वाटायचं, हे मी केलं. चार ओळी लिहिल्या आणि यांचे उरलेसुरले डोळे काढून घेतले.

वर्ष फिरून रडण्याचा महिना आला. नियम असा, की साहेबांनी वर्षात घेतलेलं प्रत्येक नवं घर तपासनिसाने स्वतः जाऊन बघायचं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणायची सोय नव्हती, कारण दुसरं कुणी नव्हतंच. टोपलीताई गेली. कालव्यावरचा पूल उतरून पाय आपसूक वळले. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या. एक लंबूसाहेब आले आणि मागोमाग निम्मी टेकडी खाली आली होती. जुन्या शेजाऱ्यांपैकी घरमालक तेवढे दिसले. ते तिला बघून घरात गेले.

व्हरांड्यात सासऱ्यांच्या जागी एक कुत्रा पसरला होता, चांगला वाऱ्याच्या तोंडाला.

"या, या!" लंबूसाहेबांच्या कपाळावर चिकटपट्टी होती. "घर अगदी वर्णनात होतं तस्सं आहे. चला, दाखवतो. हे स्वयंपाकघर."

"हो."

"हे न्हाणीघर. थांबा, अंधार आहे, दिव्याचं बटण..."

"दाराच्या मागे आहे," ती बोलून गेली.

"अरे वा! तुम्ही आधी येऊन गेलात वाटतं?"

"हो. पाहणीसाठी."

"मग दोन अडचणी लिहून घ्याच. एक, चौकटी ठेंगण्या आहेत, हे तुमच्या वर्णनात नव्हतं." त्यांनी कपाळाकडे बोट दाखवलं. "आणि दुसरी ही बघा. भोकं! त्या दाराला एक, इथे दोन, बाहेरच्या दाराला तीन. कसली कीड आहे कोण जाणे. बुजवून पॉलिश करायचं म्हणजे केवढा खर्च! त्याचा भत्ता मिळायला हवा."

टोपलीताईने न्हाणीघराच्या चौकटीवर बोट ठेवलं. रिकामी भोकं. रंगाऱ्याने खिळे उपटून फेकले असणार, दुसरं काय!

"कीड नाही ती," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"जुनं काम आहे." तिने 'घराची किरकोळ दुरुस्ती' या रकान्यात त्यांनी सांगितलेला आकडा लिहिला. मग भाडं विचारलं. भाडं तिप्पट. तेही लिहिलं. खरा भाव होता, लिहिणं भाग होतं.

गल्लीतली बाकीची घरंही तशीच निघाली. पुढे हिशेब झाला तेव्हा गेल्या वर्षीच्या मानाने सरासरी अशी उसळली, की भत्ता भरघोस वाढला, आणि त्या वाढीत सहा भोकांचाही खारीचा वाटा होता. मोठ्या साहेबांनी तिला त्या वर्षी दुसऱ्यांदा कॉफी पाजली. "बघा ताई, शेवटी खरं काय ते बाहेर आलंच ना!" पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी गल्लीतून ती थेट घरी आली. छापखाना सुटला होता. सासरे खुर्चीत होते, नवरा कणीक मळत होता.

"कुठे गेली होतीस गं?" सासरे म्हणाले. "पाऊल जड वाजतंय."

"जुन्या घरी, बाबा. कामासाठीच."

सासऱ्यांनी चेहरा तिच्याकडे वळवला. "वारा येतो का अजून?"

"येतो."

"आणि माझे खिळे? आहेत का चौकटीत?"

जिने आयुष्यात कधी अंड्याचा भावसुद्धा गोल करून लिहिला नव्हता, ती म्हणाली, "आहेत बाबा."

"सगळे? एक, दोन, तीन?"

"एक, दोन, तीन. सगळे आहेत."

सासरे हसायला लागले. आधी नुसते गाल हलले, मग पूर्वीसारखे खो खो हसले. खिशात हात घालून त्यांनी मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर सहा पितळी खिळे होते.

"तुम्ही सामान बांधत होता तेव्हा मीच उपटून घेतले. त्या लंबूला वारा दिला, चौकटी दिल्या. खिळेसुद्धा कशाला देऊ?"

"मग मला विचारलंत कशाला?" तिचा आवाज फुटला.

"अगं, वर्षभर ऐकतोय, माझ्याजवळ आलीस की तुझी पावलं चोरासारखी पडतात. म्हटलं, बघू तरी, ही बाई आपल्यासाठी एकदा तरी खोटा भाव सांगते का." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. "सांगितलास. आता पुरे झालं पोरी. वारा लिही म्हणून मीच सांगितलं होतं ना तुला?"

टोपलीताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. वर्षाचं सगळं साचलेलं रडली. मग नाक पुसून उठली, पलंगाखालून सासऱ्यांची हत्यारांची पिशवी ओढली आणि हातोडी काढली.

"अगं, अगं, करारात काय लिहिलंय?" नवरा पिठाच्या हातांनी धावला. "मालकाने बाहेर काढलं तर?"

"तर खिळे पुन्हा उपटू. बाबा, उठा. उंची तुम्ही दाखवा."

सासरे खुर्चीतून उठले. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल चाचपत ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चौकटीवर छातीच्या उंचीला अंगठा टेकवला. "इथे. चिमटीत धर, आणि पहिला घाव हलका घाल."

तिने घातला तो काही हलका नव्हता. खिळा वाकला. सासऱ्यांनी तो काढायला लावला, उंबऱ्यावर ठेवून बोटांच्या अंदाजाने ठोकून सरळ केला आणि तिच्या हातात दिला. दुसऱ्या खेपेला खिळा नीट आत गेला.

तेवढ्यात जिन्याखालून मालकाची आरोळी आली. "कोण ठोकतंय रे वर? काय चाललंय?"

"घराची किरकोळ दुरुस्ती!" टोपलीताई दणक्यात ओरडली, आणि दोन खिळे घेऊन न्हाणीघराच्या दाराकडे वळली.